कारकुनाचेही पोट हातावरच

'हातावर पोट असणे' हा वाक्प्रचार मराठीने हमालासाठी, शेतमजुरासाठी, गवंड्यासाठी राखून ठेवला आहे. कचेरीत मेजाशी बसणाऱ्या माणसाबद्दल तो कोणी वापरत नाही. त्याचे पोट पगारावर, महागाई भत्त्यावर, फार तर साहेबाच्या मर्जीवर चालते, असा समज आहे. हा समज कष्टकऱ्यांच्या चळवळीतही चांगलाच रुजलेला आहे. रावेर-सावद्याकडे केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या मजुराची पाठ दुखते तेव्हा ते श्रमाचे दुखणे ठरते. त्याच तालुक्याच्या कचेरीतील लिपिकाचे मनगट दुखते तेव्हा मात्र तो थट्टेचा विषय होतो. 'दिवसभर बसून तर असतो, त्याला काय होणार?' हा प्रश्न विचारणारे सगळेच मालक नसतात. त्यांत कार्यकर्तेही असतात.

मार्चअखेरीस धुळ्याच्या किंवा जळगावच्या कोणत्याही कोषागारात, बँकेच्या शाखेत, पंचायत समितीत डोकावले, तर या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसते. बाहेर पारा चाळीशीकडे चाललेला असतो. आत वर्षभराच्या हिशेबांची, देयकांची आणि नोंदींची भरती काही दिवसांत उरकायची असते. रात्री आठ-नऊपर्यंत बोटे चालू असतात. मध्येच कोणी उजवा पंजा झटकते, कोणी अंगठ्याच्या मुळाशी डाव्या हाताने चोळत बसते, कोणी वेदनाशामक मलमाची नळी खणातून काढते. एप्रिल उजाडला की ठणका थोडा ओसरतो आणि पुढच्या मार्चपर्यंत विसरला जातो. काहींचा मात्र ओसरत नाही. रात्री मुंग्यांनी झोप मोडते, सकाळी चहाचा कप बोटांतून निसटतो, शर्टाची गुंडी लावायला वेळ लागतो. असा मनुष्य हे दुखणे घरी सांगतो, फार तर शेजारच्या मेजावर सांगतो. संघटनेच्या सभेत ते कधीच सांगत नाही. ती सांगण्याजोगी गोष्ट आहे, असे त्याला कोणी शिकवलेलेच नाही.

हे दुखणे नेमके कशाचे, हे आधी समजून घेतले पाहिजे. बोटे हलवणारे बहुतेक जोरकस स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. तेथून निघालेल्या कंडरा, म्हणजे चिवट दोऱ्या, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. बाहुलीच्या खेळात सूत्रधाराने वरून दोरी ओढावी आणि खाली बाहुलीचा हात हलावा, तशी ही रचना आहे. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा आहे. त्यातून ९ कंडरा आणि एक महत्त्वाची नस दाटीने जातात. मनगट सरळ असते तेव्हा या दोऱ्या निर्वेध सरकतात. मनगट वर, खाली किंवा बाजूला वाकवून तासन्‌तास बोटे चालवली, की त्या घासतात, त्यांची आवरणे सुजतात, बोगद्यातील दाब वाढतो आणि नस चिमटली जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होणे ही त्या नसेची तक्रार असते. अंगठ्याच्या बाजूच्या मनगटात कळ येणे ही तेथील दोन कंडरांची तक्रार असते. स्विस शल्यचिकित्सक द केर्व्हँ यांनी १८९५ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव पडले. कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखू लागले, तर ताण स्नायूंच्या मुळाशी पोहोचलेला असतो.

लेखणीने हात मोडतो, हे ज्ञान संगणकाबरोबर आलेले नाही. व्यवसायजन्य रोगांचे आद्य अभ्यासक म्हणून ज्यांचा मान आहे, त्या इटलीच्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या आजारांवर एक प्रकरण लिहिले. सतत बसणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्यांनी सांगितली. जन्मभर लेखणी चालवलेल्या एका परिचिताचा उजवा हात निकामी झाला, त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतले, आणि काही काळाने डाव्या हाताचीही तीच गत झाली, ही हकीगत त्यांनीच नोंदवून ठेवली आहे. पुढे तारायंत्र आले. त्याची एकच कळ दिवसभर आपटून तार कारकुनांच्या हाताला पेटके येऊ लागले, तेव्हा ब्रिटनने १९०८ मध्ये तो विकार कामगार भरपाईच्या यादीत घातला. कारकुनाचा हात हा कामगाराचा हात आहे, हे तेथील कायद्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मान्य केले, ते असे.

लिहिण्याचे कष्ट खानदेशाला तरी परके वाटू नयेत. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांतील हस्तलिखितांचे गठ्ठे म्हणजे कित्येक पिढ्यांच्या मनगटांची कमाई आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. लेखणी, शाई, कागद, अक्षराचा आकार, ओळींतील अंतर यांचा तेथे बारकाईने विचार आहे. कामाची साधने नीट असावीत ही मागणी म्हणजे आधुनिक चोचला, असे म्हणणाऱ्यांनी तो समास अवश्य वाचावा.

याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती आपल्या हाताने उतरून घेतली. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांच्या कित्येक पिढ्या त्या वह्यांवर पोसल्या गेल्या. लेखनातील तन्मयतेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि तो सांगावाच. पण त्याच्या वेळापत्रकाकडे कोणी लक्ष देत नाही. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी ती अठरा प्रवचने झाली. ते लेखन स्वेच्छेने पत्करलेले होते, आणि एका प्रवचनानंतर दुसरे यायला सहा दिवसांचा अवकाश होता. आजच्या कंत्राटी संगणक परिचालकाला यांतले काहीच लाभत नाही. त्याच्यापुढे गुरुजींच्या निष्ठेचा आदर्श ठेवायचा आणि दोन नोंदींमध्ये दोन मिनिटांचाही अवकाश द्यायचा नाही, हे त्या आदर्शाचेच विडंबन होय.

हा अवकाश कसा नाहीसा झाला, हा खरा कळीचा मुद्दा आहे. बहीखात्याच्या काळात मुनीम गादीवर बसून उतरत्या डेस्कावर लिहीत असे. लेखणी शाईत बुडवायला हात उचलावा लागे, वही बदलायला उठावे लागे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टंकयंत्र बनवले आणि पुढे ते जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांत पोहोचले. त्याच्या कळा जड होत्या, बोटांना जोर लागे. त्या कामानेही हात दुखत, हे खोटे नाही. परंतु प्रत्येक ओळीच्या शेवटी हात उचलून गाडा सरकवावा लागे, प्रत्येक पानाला कागद आणि कार्बन बदलावा लागे, मधूनमधून फीत नीट बसवावी लागे. ही कामे कटकटीची होती, पण त्यांत हाताची हालचाल बदलत होती. यंत्राच्या अपुरेपणानेच मनगटाला विश्रांती मिळत होती. संगणकाने हा अपुरेपणा दूर केला आणि त्यासोबत विश्रांतीही काढून घेतली. ओळ आपोआप बदलते, पान संपत नाही, फाईल आणायला उठावे लागत नाही. यंत्राने जो वेळ वाचवला तो कारकुनाला मिळाला नाही. त्या वेळात आणखी नोंदी भरल्या गेल्या.

गेल्या काही वर्षांचा खानदेशातील अनुभव या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. सातबारा संगणकावर आला, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. शेतकऱ्याची हेलपाट्यांतून काही अंशी सुटका झाली, ही चांगलीच गोष्ट घडली. पण हस्तलिखित उताऱ्यावरचे एकेक नाव, एकेक क्षेत्र आणि एकेक बोजा ताडून पाहून दुरुस्त करण्याचे काम कोणाच्या तरी बोटांनीच केले. ग्रामपंचायतींत २०११ पासून 'संग्राम' प्रकल्पाखाली आणि पुढे 'आपले सरकार सेवा केंद्रा'त बसलेले परिचालक मानधनावर राबत आले. कामाचा दर्जा आणि किमान वेतन यांसाठी त्यांना वारंवार रस्त्यावर उतरावे लागले. २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा केंद्रचालकाचा मोबदला अर्जामागे ४० रुपये होता. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरले गेले, तेव्हा अंगणवाडी सेविका आणि इतर मदतनीसांना पात्र अर्जामागे ५० रुपये देण्याचे ठरले. उक्ते काम म्हणतात ते हेच. कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते आणि म्हणून कंबर मोडेपर्यंत वाकते. अर्जावर मोबदला घेणारा मनुष्यही म्हणूनच बोटे थांबवत नाही. मुदत जवळ आलेली, सर्व्हर मंद, दारात रांग आणि मोबदला नगावर. अशा वेळी 'अधूनमधून हाताला विश्रांती द्या' हा सल्ला म्हणजे उपाशी माणसाला सावकाश जेवण्याचा उपदेश.

स्त्रियांच्या बाबतीत तर मनगटाला दोन पाळ्या भराव्या लागतात. कचेरीत दिवसभर कळफलकावर चाललेला हात संध्याकाळी कळण्याचे पीठ मळतो, भाकऱ्या थापतो, धुणे पिळतो. सणावारी पुरणाचे मांडे हातावर फिरवून मोठे करण्याचे खानदेशी कसब तर सारे मनगटातच असते. बाईचे मनगट दुखू लागले की कचेरी म्हणते, हे घरकामाने झाले. घर म्हणते, हे कचेरीने झाले. दोघेही आपापली जबाबदारी झटकतात आणि दुखणे बाईकडे उरते. घरातील पुरुषांनी पीठ मळावे आणि धुणे पिळावे, हा या दुखण्यावरचा एक उपाय आहे. तो सुचवताना कार्यकर्त्यांनी आपल्या घरापासून सुरुवात केली, तर त्या सूचनेला वजन येईल.

आता प्रतिबंधाचा विचार करू. प्रतिबंधाला फार पैसा लागत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सरकारी मेज साधारण ७५ सेंटीमीटर, म्हणजे अडीच फूट उंच असते. ते लिहिण्यासाठी केलेले असते. पाच फूट उंचीची स्त्री पाय जमिनीला टेकवून बसली, तर तिचे कोपर जमिनीपासून सुमारे ६० सेंटीमीटरवर येते. म्हणजे कळफलक तिच्या कोपरापेक्षा जवळजवळ अर्धा फूट वर राहतो. मग खांदे उचलले जातात, मनगट मागे मुडपते आणि दिवसभर तसेच राहते. यावर उपाय दोन. कळफलक मेजाखालच्या सरकत्या फळीवर घ्यावा. ते शक्य नसेल तर खुर्ची उंच करून पायांखाली लाकडी पाट किंवा विटांवर फळी ठेवावी. कोपर काटकोनात किंवा त्याहून किंचित उघडे, खांदे सैल, आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात एका सरळ रेषेत, ही कसोटी. कळफलकाचे मागचे पाय उघडले की तो उतरता दिसतो आणि बरा वाटतो, पण त्यामुळे मनगट अधिक मुडपते. ते पाय मिटलेलेच बरे. टंकलेखन चालू असताना मनगट मेजाच्या धारेवर टेकू नये. माऊस कळफलकाला खेटून असावा, हात लांबवून तो धरावा लागू नये. कळा हलक्या हाताने दाबाव्यात. टंकयंत्रावर शिकलेल्या ज्येष्ठांना जोराने ठोकण्याची सवय असते, ती जाणीवपूर्वक मोडावी लागते. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळफलक एकत्र जोडलेले असल्याने मान तरी वाकते किंवा हात तरी अवघडतात. म्हणून रोज त्यावर काम करणाऱ्याला वेगळा कळफलक मिळालाच पाहिजे, आणि पडदा जुन्या नोंदवह्यांच्या चळतीवर ठेवून डोळ्यांच्या पातळीला आणता येतो. हाताने लिहिणाऱ्यांनी जाड आणि सहज उतरणारे पेन वापरावे, ते आवळून धरू नये. शेकडो कागदांवर शिक्के मारणे, टाचणयंत्र दाबणे, जाडजूड नोंदवही एका हाताच्या चिमटीत उचलणे, यांतही मनगटावर जोर पडतो. ही कामे वाटून घ्यावीत आणि वही दोन्ही हातांनी उचलावी.

सर्वांत मोठे औषध मात्र मेजात नाही, घड्याळात आहे. अमेरिकेच्या कर खात्यातील नोंदी भरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दोन सुट्यांखेरीज ज्या तासांत सुटी नव्हती त्या तासांत पाच-पाच मिनिटांची जादा सुटी त्यांना दिली गेली. हातांचे, मानेचे आणि डोळ्यांचे अवघडणे कमी झाले, आणि वीस मिनिटे कमी काम करूनही भरलेल्या नोंदी घटल्या नाहीत. 'सुटी दिली तर काम खोळंबेल' म्हणणाऱ्या प्रत्येक कार्यालयप्रमुखापुढे हा निष्कर्ष ठेवला पाहिजे. युरोपीय समुदायाने तर १९९० च्या आपल्या निर्देशातच मालकावर असे बंधन घातले की पडद्यावरचे काम अधूनमधून विश्रांतीने किंवा वेगळ्या कामाने खंडित होईल, अशीच त्याची आखणी करावी. त्या पाच मिनिटांत उठावे, पाणी प्यावे, पंजे सैल सोडावेत, मुठी उघडझाप कराव्यात. मोबाईल घेऊन अंगठा चालवत बसणे म्हणजे विश्रांती नव्हे.

दुखणे सुरू झालेच, तर ते अंगावर काढू नये. काम लगेच हलके करावे. रात्री मुंग्या येत असतील तर वैद्यकीय सल्ल्याने मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधावी. काही आठवड्यांत बधिरपणा ओसरला नाही, पकड सैल होऊ लागली किंवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग बसू लागला, तर डॉक्टरांना दाखवण्यास मुळीच विलंब करू नये. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि गरोदरपण यांत मनगटातील नस अधिक सहज चिमटते, म्हणून अशांनी विशेष जपावे.

या मागणीवर एक आक्षेप हमखास येईल, आणि त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. ऑस्ट्रेलियात १९८० नंतरच्या दशकात कळफलकावर काम करणाऱ्या हजारो लोकांनी हातांच्या दुखण्याची तक्रार केली, तेव्हा हा सारा मनाचा खेळ आहे असे म्हणणारे डॉक्टरही पुढे आले होते. मनगटाच्या बोगद्याचा विकार आणि जोर लावून, कंप सोसून केलेले हातकाम यांचा संबंध जितका स्पष्ट दाखवता येतो, तितका त्या विकाराचा आणि निव्वळ कळफलकाचा दाखवता येत नाही, हेही खरे आहे. ते लपवून चळवळीचा काही फायदा नाही. परंतु हात, खांदा आणि मान यांच्या दुखण्याचा कामाचे तास, अवघडलेली बैठक आणि कामावरचा दबाव यांच्याशी असलेला संबंध अनेक पाहण्यांत आढळून आलेला आहे. ज्याला आपल्या कामाची गती ठरवता येत नाही, त्याचे दुखणे अधिक असते. मन आणि मनगट यांची फारकत करून 'हा मनाचा ताण आहे' म्हटल्याने मालकाची सुटका होत नाही. तो ताणही त्याच्याच कचेरीत तयार झालेला असतो. रामाझ्झिनींनी तीनशे वर्षांपूर्वी सांगितलेले तिसरे कारण हेच होते.

कायद्याची स्थिती काय आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये व्यवसायजन्य रोगांची यादी सुधारली, तेव्हा मनगटाच्या कंडरांची सूज, कोपराचे दुखणे आणि मनगटाच्या बोगद्याचा विकार यांना तीत स्थान दिले. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २९ रोग होते. कापसाच्या धुळीने गिरणी कामगाराच्या छातीला होणारा रोग त्यात होता. अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगाव येथील गिरण्यांत त्या धुळीत कितीएक आयुष्ये गेली. मनगट मात्र त्या यादीत नव्हते. २०२० ची व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिनेही या कारकुनी दुखण्यांना यादीत जागा दिलेली नाही. त्याहून विशेष म्हणजे केंद्र आणि राज्य सरकारांच्या कार्यालयांना ही संहिता मुळी लागूच नाही. कंत्राटदारामार्फत तेथे आलेल्या कामगारांपुरताच अपवाद आहे. कामाच्या जागा निर्धोक असाव्यात असे सरकार सर्वांना सांगते आणि स्वतःच्या कचेऱ्यांना त्यातून वगळते. राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदाने न्याय्य व माणुसकीच्या कार्यस्थितीची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. त्या राज्याच्या स्वतःच्या दप्तरखान्यात हा अनुच्छेद कोठे हरवला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक लिपिकाला आहे.

खासगी दुकाने आणि कार्यालये यांची दिशा तर उलटीच आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुटी होती. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना तो लागू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तासांची मर्यादा १० वर आणि कामगारांची मर्यादा २० वर नेण्यास मान्यता दिली. जळगावच्या सराफ बाजारातील किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील किती पेढ्यांत वीस नोकर असतात? जेथे हिशेबनीस एकटाच दिवसभर संगणकापुढे असतो, तेथे कायद्याचा हात पोहोचण्याऐवजी आखडता घेतला जात आहे.

या साऱ्यात दोष केवळ सरकारचा आणि मालकाचा नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी १९७७-७८ मध्ये ५४ दिवसांचा संप करून आपली ताकद दाखवली होती. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी पुन्हा कामकाज बंद पाडले. बँकांत १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाचा करार झाला, तेव्हा नोकऱ्या जातील काय, हा प्रश्न संघटनांनी लावून धरला. हे लढे आवश्यकच होते. पण निवृत्तिवेतनासाठी लढताना निवृत्तीच्या दिवशी हात शाबूत असेल काय, याचा विचार झाला नाही. यंत्र आणावे की नाही यावर खूप वाद झाले. ते आल्यावर किती उंचीवर ठेवावे, त्यावर सलग किती वेळ बसावे, हे ठरवण्याचे काम मात्र साहेबावर आणि फर्निचरच्या ठेकेदारावर सोडले गेले. रिक्त पदे हाही याच प्रश्नाचा भाग आहे. तिघांचे काम एकाने करायचे असेल तर उत्तम खुर्चीही त्याचे मनगट वाचवू शकणार नाही. म्हणून पदभरतीची मागणी ही आरोग्याचीही मागणी आहे, हे संघटनांनी ठासून सांगितले पाहिजे.

खानदेशातील कार्यकर्त्यांना याची सुरुवात उद्याच करता येईल. एक मोजपट्टी घ्यावी, आपल्या तालुक्याच्या कचेरीत, बँकेत, पतपेढीत, सेवा केंद्रात जावे. मेजाची उंची, खुर्चीची उंची, सलग कामाचे तास आणि दुखणाऱ्या हातांची संख्या वहीत लिहावी. ज्यांनी आजवर तक्रार केली नाही त्यांना विचारावे, विशेषतः स्त्रियांना आणि कंत्राटी परिचालकांना. चोपडा, यावल, पारोळा, शिरपूर, साक्री अशा दहा-बारा तालुक्यांची ही टिपणे एकत्र आली, तर त्यांतून मागणीपत्र उभे राहील. खाली-वर होणारी खुर्ची आणि कळफलकाची फळी, दर तासाला पाच मिनिटांची मान्य सुटी, उक्त्या मोबदल्याऐवजी नियमित वेतन, रिक्त पदांची भरती, दुखणाऱ्या हाताला पगार न कापता हलके काम, आणि या विकारांना रोगांच्या यादीत स्थान, एवढ्या त्या मागण्या. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कर्मचाऱ्यांच्या हातांची तपासणी त्यांनी वर्षातून एकदा करावी, अशी मागणी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येईल.

साहेब म्हणतील, हा प्रश्न किरकोळ आहे. एका खुर्चीचा आणि पाच मिनिटांचा प्रश्न किरकोळच असेल, तर तो सोडवायला अडचण कसली? आणि अडचण असेल, तर तो किरकोळ नव्हता हे त्यांनीच कबूल केल्यासारखे होईल. कारकुनाच्या हातातून दाखला बाहेर पडतो तेव्हा शेतकऱ्याला कर्ज मिळते, विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो, विधवेला निराधार योजनेचे पैसे मिळतात. तो हात निकामी झाला तर पहिली झळ त्याच्या घराला लागते आणि दुसरी दाराबाहेरच्या रांगेला. पुढचा मार्चअखेर येण्यापूर्वी ती मोजपट्टी कचेऱ्यांतून फिरलेली असली पाहिजे.